मुंगूस मूळचं लंडनचं

एका जंगलात, बाळांनो, सिंहमहाराजांना अचानक इंग्रजीचा पुळका आला. कसा आला ते विचारू नका. राजाला काहीही येऊ शकतं.

लगेच दवंडी पिटली. "ज्याचं नाव शुद्ध इंग्रजी, त्यालाच दरबारी नोकरी!"

वाघ टायगर झाला. अस्वल बेअर झालं. कोल्हेसाहेब तर आधीपासूनच स्वतःला फॉक्स म्हणवून घेत. त्यांना इंग्रजी खात्याचं प्रमुख केलं.

घाबरला तो चिंगोजी मुंगूस. दरबाराच्या दाराशी साप हुसकावायची त्याची नोकरी होती. नोकरीबरोबर राहायला बीळ होतं, बिळात बायको आणि पाच पिल्लं. नोकरी गेली की बिऱ्हाड पाठीवर.

तो धावत घुबडमास्तरांकडे गेला. मास्तरांकडे एक जाडजूड कोश होता. कुठला इंग्रजी शब्द कुठून आला, ते सगळं त्यात लिहिलेलं.

"मास्तर, मला इंग्रजीत काय म्हणतात हो?"

"मंगूज."

"अरे वा!" चिंगोजीनं तीन कोलांट्या मारल्या. "आणि हे आलं कुठून?"

"तुझ्याकडूनच. मराठीतलं मुंगूस उचललं त्यांनी."

चिंगोजीचा ऊर भरून आला. आपलं नाव सातासमुद्रापार गेलं! आनंद पोटात मावेना. मास्तरांना कोशासकट ओढत तो दरबारात गेला आणि सगळ्यांना सांगून बसला. इथंच बिचारा फसला.

"मराठीतून?" कोल्हेसाहेबांनी नाक मुरडलं. "मग अशुद्ध. बीळ रिकामं कर."

चिंगोजी रडकुंडीला आला. "अहो, असं एकट्या माझंच आहे का? मास्तर, बाकीचंही वाचा की!"

मास्तर पडले प्रामाणिक. त्यांनी वाचायला सुरुवात केली ती थांबेचनात. बंगलो? तो आपला बंगला. नियम म्हणजे नियम, अशुद्ध नावाची वस्तूही चालणार नाही! महाराज बंगल्याबाहेर आले. कॉट? ती आपली खाट. महाराज जमिनीवर बसले. शाम्पू? तो चंपीच्या घराण्यातला. महाराजांची रविवारची अंघोळ गेली, आयाळ खाजू लागली.

शेवटी दारावरची पाटी उरली. 'किंग ऑफ द जंगल.' आता जंगल तर आपलंच! एका माकडानं तेवढं पुसलं. राहिलं 'किंग ऑफ द'. कशाचा किंग, ते कुणालाच सांगता येईना. माकडं हसून हसून फांदीवरून खाली पडली.

"बंद करा तो कोश!" महाराज आयाळ खाजवत गरजले. "जंगल इंग्रजी आहे! मंगूजही इंग्रजीच आहे! काय रे चिंगोजी?"

चिंगोजीनं मास्तरांकडे पाहिलं. मग बिळाकडे पाहिलं. बिळातून पाच इवलीशी नाकं बाहेर आली होती.

"शंभर टक्के, महाराज," तो म्हणाला. "आमची आजी सांगायची ना, आपण मूळचे लंडनचे म्हणून."

नोकरी राहिली, बीळही राहिलं. कोश तेवढा वाळवीला दिला. घुबडमास्तर तेव्हापासून दिवसा डोळेच उघडत नाहीत.

तात्पर्य: ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. शब्दाचं मूळ मात्र खुशाल विचारावं. फक्त उत्तर चारचौघांत सांगण्याआधी आपलं बीळ कुणाच्या मालकीचं आहे, तेवढं बघून घ्यावं.