डॉक्टर हूबर-आल्मेडा यांचं स्वागत

"दोन दिवस द्या, हेदर. तिसऱ्या दिवशी तुमची यादी तुम्हाला ओळखूसुद्धा येणार नाही," असं चारुदत्त नेने म्हणाला, आणि पुढे जे झालं ते पाहता हे वाक्य शब्दशः खरं ठरलं.

हेदर ही प्लास्टिक सर्जनांच्या राष्ट्रीय सोसायटीचं ऑफिस सांभाळणारी बाई. सोसायटी म्हटलं की पुण्याच्या माणसाला पार्किंग आणि पाण्याची टाकी आठवते, पण ही सोसायटी म्हणजे डॉक्टरांची संघटना. ऑफिस न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला, चारुदत्त राहायला ऑकलंडच्या न्यू लिन भागात. २०१६ सालच्या मे महिन्यात त्याला तिथलं कंत्राट मिळालं. देशोदेशीच्या अशाच संघटनांची आणि डॉक्टरांची यादी साफ करायची होती. एकेक डॉक्टर तीन-तीनदा नोंदलेला. एकदा 'डॉ.', एकदा 'प्रोफेसर', एकदा नुसताच.

चारुदत्तने एक प्रोग्रॅम लिहिला. संघटनेच्या किंवा डॉक्टरच्या नावातले सगळे शब्द, कुठल्याही क्रमाने, जुळले की दोन नोंदींची एक नोंद. आडनावं दोन निघाली तर मध्ये जोडरेघ. ही सोय त्याने मुद्दाम केली होती, कारण त्याच्या बायकोच्या, मृणालिनीच्या पासपोर्टवर माहेरचं आणि सासरचं अशी दोन आडनावं होती आणि तिला त्याचा किती त्रास होतो हे तो रोज ऐकत असे.

"चौदाशेची यादी नऊशेवर आणली," त्याने जेवताना सांगितलं.

"पाचशे माणसं गेली कुठे?" मृणालिनी फार्मसिस्ट. एक गोळी कमी भरली तरी तिला चैन पडत नाही.

"गेली नाहीत. एकमेकांत विलीन झाली."

"त्यांना विचारलंस का?"

चारुदत्तने आमटी वाढून घेतली.

आता त्या पाचशेंत एक गोष्ट होती, जी आपल्याला ठाऊक असलेली बरी. युरोपात प्लास्टिक सर्जनांच्या दोन बड्या संघटना होत्या, एकीच्याच भांडून झालेल्या. लिस्बनला 'फेडरेशन ऑफ युरोपियन प्लास्टिक सर्जन्स', आणि व्हिएन्नाला 'युरोपियन फेडरेशन ऑफ प्लास्टिक सर्जन्स'. शब्द तेच, फक्त जागा बदललेल्या. लिस्बनच्या अध्यक्ष डॉ. आल्मेडा, व्हिएन्नाचे अध्यक्ष डॉ. हूबर. चारुदत्तच्या प्रोग्रॅमने दोघांना एका नोंदीत बसवलं आणि मध्ये जोडरेघ मारली.

न्यूझीलंडच्या सोसायटीचे अध्यक्ष होते डॉ. पराटा. भाजलेल्या माणसांवर शस्त्रक्रिया करणारा, कमी बोलणारा माओरी सर्जन. चार वर्षं ते एका करारामागे होते. इथल्या तरुण सर्जनांनी सहा महिने युरोपात शिकावं, तिथल्यांनी इथे यावं, आणि ते शिक्षण दोन्हीकडे धरलं जावं. यंदा लिस्बनला बोलवायचं, पुढच्या वर्षी व्हिएन्नाला, असा त्यांचा बेत. हेदरने आल्मेडाबाईंना निमंत्रण पाठवलं. यादीने ते त्या नोंदीतल्या दोन्ही ईमेलवर धाडलं. प्रिय डॉ. हूबर-आल्मेडा.

दोन दिवसांत दोन उत्तरं आली. जूनच्या त्या आठवड्यात येत आहोत, सिंगापूरहून अमुक विमानाने. तारीख तीच, विमान तेच. चारुदत्तने दुसरं उत्तर, खालची सही न बघताच, डुप्लिकेट म्हणून काढून टाकलं आणि स्वतःवरच खूश झाला.

"तू एअरपोर्टजवळ राहतोस," हेदर फोनवर म्हणाली, "पाहुण्यांना घेऊन येशील? हीप्स ऑफ थँक्स."

म्हणून त्या सकाळी चारुदत्त ऑकलंड विमानतळावर 'डॉ. हूबर-आल्मेडा' अशी पाटी धरून उभा होता. डावीकडून एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ आले. उजवीकडून गळ्यात चष्मा अडकवलेल्या एक ठेंगण्या बाई. दोघं पाटीसमोर एकदमच थांबले.

"हे माझं नाव आहे," गृहस्थ म्हणाले.

"अर्धं," बाई म्हणाल्या.

"बरोबर, दोघांचं मिळून आहे," चारुदत्त हसून म्हणाला आणि माओरीत नमस्कार केला. "किया ओरा. मला वाटलं एकच जण येतंय. दोघं आलात, फार छान झालं."

दोघांपैकी कोणीही हसलं नाही. लांबचा प्रवास, थकले असतील, असं म्हणून त्याने दोन्ही बॅगा उचलल्या. गाडीत मागच्या सीटवर मधोमध त्याच्या मुलीची, मैत्रेयीची बूस्टर सीट बांधलेली होती. ती काढायला तो वाकला तर दोघंही एका आवाजात म्हणाले, "राहू द्या."

गाडी निघाली. बॉम्बे नावाच्या टेकड्या आल्या तेव्हा त्याने नावाची गंमत सांगितली. आरशात पाहिलं तर एक डाव्या काचेतून बाहेर बघतोय, एक उजव्या. आपल्या लग्नाची नऊ वर्षं आठवून चारुदत्तचं मन भरून आलं. असे प्रवास त्यानेही केले होते. बॅग कोणी कशी भरली यावरून सुरुवात होते आणि मग तासभर नुसतं इंजिन ऐकायचं. आपण काहीतरी करावं असं त्याला वाटलं.

"किती वर्षं झाली तुम्हाला?" त्याने मायेने विचारलं.

"वेगळे होऊन? अकरा," हूबर म्हणाले.

चारुदत्तने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. म्हणजे घटस्फोट झालाय. आणि तरी एकच आडनाव, एकच विमान. युरोपची पद्धत असेल. विषय बदलावा हे त्याला कळत होतं, पण जमेना.

"शांतपणे झालं ना सगळं?"

"मुळीच नाही," आल्मेडाबाई पहिल्यांदाच बोलल्या. "यांनी शिक्का ठेवून घेतला."

"आणि यांनी नाव," हूबर काचेशी बोलल्यासारखे म्हणाले.

"पण... मुलांचं काय?"

हूबर म्हणाले, "तरुण मुलांचेच हाल झाले. हे मात्र खरं आहे. एकोणतीस देशांत आहेत. कोणाकडे जावं त्यांना कळत नाही."

चारुदत्तची गाडी लेन सोडून जरा बाजूला गेली.

हॅमिल्टनच्या वेशीवर, ते रापा नावाच्या ठिकाणी, तो खिमा भरलेला 'पाय' घ्यायच्या निमित्ताने थांबला. पाहुणे खाली उतरून दुकानाच्या दोन टोकांच्या टेबलांवर जाऊन बसले. चारुदत्तने बाहेर येऊन मृणालिनीला फोन लावला.

"अगं, फार वाईट झालंय. घटस्फोटित जोडपं आहे. अकरा वर्षं बोललेले नाहीत. मुलं एकोणतीस देशांत."

"किती?"

"एकोणतीस."

"चारू, तो कुठून आलाय?"

"व्हिएन्नाहून. बॅगेवर चिठ्ठी होती."

"आणि ती?"

"लिस्बनहून."

"पाचशेतले दोन सापडले बघ," मृणालिनी म्हणाली. "हॉटेलात खोल्या किती घेतल्यात?"

चारुदत्तच्या हातातला पाय गार होत चालला होता. "एक. नदीच्या बाजूची."

"दुसरी घे. आत्ताच्या आत्ता."

पण तो हॅमिल्टनमधल्या शेतकी प्रदर्शनाचा आठवडा होता. अख्ख्या देशातले शेतकरी ट्रॅक्टर बघायला गावात उतरलेले. त्याने सात हॉटेलांना फोन केले. एका ठिकाणी तंबू मिळेल म्हणाले.

हॉटेलच्या काउंटरवर हेदर आणि डॉ. पराटा स्वागताला उभे होते. चारुदत्त पार्किंगमधून धावत आत पोचेपर्यंत काउंटरवरच्या मुलीने एक किल्ली पुढे केली होती. "वेलकम, मिस्टर अँड मिसेस हूबर-आल्मेडा. एकच डबल बेड आहे, सॉरी, पण व्ह्यू सुंदर आहे."

आल्मेडाबाई तिच्याकडे नाही, डॉ. पराटांकडे वळल्या. "डॉक्टर, अकरा वर्षं मी या माणसाबरोबर एका व्यासपीठावर बसलेली नाही. तुम्ही पलंगापासून सुरुवात करताय."

"पत्रात यांचं नाव माझ्या नावाला जोडलेलं होतं," हूबर म्हणाले. "मी आलो ते एवढ्याचसाठी. मी नसताना हिने युरोपच्या नावावर सही करू नये."

"मीही त्याचसाठी आले."

हेदरचा चेहरा तिच्या ब्लाउजइतका पांढरा झाला. डॉ. पराटांनी चारुदत्तकडे पाहिलं. "काय केलंस तू?"

चारुदत्तने सांगितलं. जोडरेघ, काढून टाकलेलं उत्तर, सगळं. सांगताना त्याला आपलाच आवाज शाळेत बाकावर उभ्या केलेल्या पोरासारखा ऐकू येत होता. कंत्राट गेलं, हे तर उघडच होतं. पण त्याहून त्याला लागलं ते डॉ. पराटांचं गप्प राहणं. चार वर्षांचं काम माणूस असं उभ्या उभ्या बुडताना बघतो, तेव्हा ओरडला तरी बरं वाटतं.

"बाहेरची टॅक्सी मला नेईल," आल्मेडाबाई म्हणाल्या.

"चहा घेऊन जा," डॉ. पराटा म्हणाले. "तोवर एक मुलगी तुम्हाला भेटायला थांबलीय."

ती अस्मिता. साताऱ्याहून शिकायला आलेली, आता इथेच सर्जरीचं शिक्षण घेणारी. मीटिंगच्या खोलीत ती फाइल घेऊन बसली होती. दोघांना बघून ती गडबडली, कारण तिला एकाच युरोपियन पाहुण्याची कल्पना दिली होती.

"मी सहा महिने लिस्बनला होते," ती आल्मेडाबाईंना म्हणाली. "भाजलेल्या हातांची बोटं पुन्हा हलती करायला तिथे शिकले. इथल्या नियमाप्रमाणे व्हिएन्नाचा शिक्का असल्याशिवाय ते धरत नाहीत. म्हणून मला ते वर्ष पुन्हा करायला लागतंय."

हूबर यांनी फाइल घेतली, पानं उलटली. "हे मला कोणी कळवलं नाही."

"मी कळवलं," आल्मेडाबाई म्हणाल्या. "तीन पत्रं लिहिली. तुम्ही उत्तर दिलं नाहीत."

"कुठल्या पत्त्यावर?"

त्यांनी फोनमधून पत्ता वाचून दाखवला. हूबर यांनी फाइल मिटली. "ते ऑफिस आम्ही सहा वर्षांपूर्वी सोडलं."

"तुमच्याकडे माझा पत्ता कोणता आहे?"

तोही जुनाच निघाला.

दाराशी उभ्या चारुदत्तच्या मनात आलं की या दोघांच्याही याद्या कोणीतरी साफ करायला हव्या आहेत. सुदैवाने तो ते बोलला नाही.

पुढचे दोन तास बंद दाराआड काय झालं ते त्याला कळलं नाही. मधे एकदा आवाज चढला, एकदा कोणीतरी हसलं, एकदा अस्मिता आणखी चहा मागायला बाहेर आली. दार उघडलं तेव्हा करार टेबलावर होता. छापताना सहीची रेघ 'हूबर-आल्मेडा' या एकाच नावासाठी ठेवलेली होती. हूबर यांनी जोडरेघेच्या डावीकडे सही केली, आल्मेडाबाईंनी उजवीकडे, खाली डॉ. पराटांनी. दरवर्षी सहा तरुण सर्जन. अस्मिताचे सहा महिने धरले जाणार होते. डॉ. पराटांनी आल्मेडाबाईंची सोय आपल्या बहिणीकडे केली, आणि नदीच्या बाजूची खोली एकट्या हूबर यांना मिळाली.

चार वाजता हेदर चारुदत्तजवळ आली. "दोघांनी संयुक्त समिती नेमली. लगेच पहिला ठरावही केला. एकमताने. त्यात तुझं नाव आहे."

चारुदत्तने शर्टची कॉलर नीट केली. कागद हातात घेतला, वाचला, पुन्हा वाचला, आणि गाडीत बसून घरी फोन लावला.

"संयुक्त यादी यापुढे व्हिएन्नाची एक कंपनी सांभाळेल," त्याने मृणालिनीला वाचून दाखवलं. "आणि श्री. नेने यांना तिच्याजवळ कोणत्याही कारणाने जाऊ देऊ नये."

"सूचक कोण?"

"हूबर."

"अनुमोदक?"

"आल्मेडा."

"मग झालं की तुझं काम," मृणालिनी म्हणाली. "बोलायला लागले."