पाचव्या ठिपक्याची मिसल

माघ शुद्ध सप्तमी, रविवार, ऊन कौलांवरून अंगणात उतरण्याची वेळ. ठिकाण: अफझलगंजामागच्या आमच्या गल्लीतली पेशकारकाकांची ओसरी. हजर: पेशकारकाका, डावी बाही कोपरापर्यंत सारून, त्यांच्या थोरल्या विधवा बहीण आत्याबाई, कपाळावर हात ठेवून, समोरच्या राधाक्का, दूधवाली नरसम्मा, गोंदणारीण एल्लम्मा, सुया घेऊन, आणि मी, वही घेऊन. गैरहजर: आमचे हे. "बासष्टाव्या वर्षी गोंदवून घेणाऱ्या माणसाचा तमाशा मला बघायचा नाही," असं म्हणून ते घरात गेले आणि खिडकीच्या फटीतून सगळा तमाशा बघत बसले.

ही हजेरी मी माझ्या हौसेनं घेतली नाही. ती काकांनी घेतली. एल्लम्मा सुई काजळात बुडवून बसलेली, आणि काका एकेकाचं नाव पुकारताहेत. राधाक्का समोर बसल्या होत्या तरी "हजर" म्हणेपर्यंत त्यांना हजर धरलं नाही.

"हजेरीशिवाय सुई लागणार नाही," काका म्हणाले. "सगळं बाकायदा झालं पाहिजे."

बाकायदा. हा त्यांचा शब्द. तीस वर्षं ते अदालतीत पेशकार होते. म्हणजे न्यायाधीशसाहेबांसमोर मिसली, अर्थात खटल्यांची कागदपत्रं, एकामागून एक ठेवणं हे त्यांचं काम. नोकरी सुटली, पण अदालत त्यांनी घरी आणली. भूक लागली की ते "वाढा" म्हणत नसत, "ताट पेश करा" म्हणत. त्यांच्या छत्रीला नंबर होता. एकच छत्री, तरी नंबर. अंगणात कढीपत्त्याचं झाड होतं, आणि गल्लीतल्या आम्हा बायकांना त्याचं एक पान हवं असेल तरी खिडकीखाली उभं राहून अर्ज करावा लागे.

"अर्ज आहे, काका."

"कारण?"

"फोडणी."

"मंजूर."

एकदा राधाक्कांनी न विचारता डहाळी तोडली, तर तासाभरात त्यांच्या दाराच्या कडीत नोटीस. राधाक्कांनी तिच्यावर भजी ठेवून परत पाठवली. 'भजी दाखल,' असा शेरा मारून काकांनी ती नोटीस जपून ठेवली आहे.

मला घरातल्या कामांच्या याद्या करायची सवय. झालं की काट मारायची, राहिलं की दुसऱ्या दिवशीच्या यादीत वर घ्यायचं. या एका गुणावर काकांनी मला फार वर चढवून ठेवलं होतं. "काशीबाई, तुम्ही आमच्या सरिश्तेदार," म्हणायचे. दफ्तर सांभाळणारा तो सरिश्तेदार. म्हणूनच गोंदण्याचं खूळ त्यांच्या डोक्यात आलं तेव्हा पहिलं बोलावणं मला आलं.

काकू जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. काकूंच्या डाव्या मनगटाच्या वर, आतल्या बाजूला, गोंदलेलं तुळशीवृंदावन होतं. परभणीकडच्या माहेरी, लहानपणी काढलेलं. भोवती ठिपके.

"तेच मला माझ्या हातावर पाहिजे," काका म्हणाले. "हुबेहूब. नक्कल अस्सलाबरहुकूम."

"मग काढून घ्या की," मी म्हटलं. "एल्लम्मा येतेच दर थंडीत."

काकांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"ठिपके किती होते?"

मला वाटलं, ते माझी परीक्षा घेताहेत. तीस वर्षांपूर्वीच्या खटल्याचा नंबर, वकिलाचं नाव आणि त्या दिवशी पाऊस होता की नाही हे ज्याला तोंडपाठ, तो माणूस विचारत होता, आणि खरंच विचारत होता. चाळीस वर्षं त्या हातानं त्यांना वाढलं होतं. पण वाढतेवेळी काका कागद वाचत असत.

"काका, मी—"

"थांबा!" त्यांनी हात वर केला. "तुम्ही सरिश्तेदार. जो लिहितो त्यानं साक्ष द्यायची नसते. तुम्ही वही उघडा. आपण बाकायदा इजहार घेऊ."

इजहार म्हणजे साक्षीदारांचे जबाब. झालं. दुसऱ्या दिवसापासून ओसरीवर अदालत भरली.

राधाक्का म्हणाल्या, "चार. चार दिशांना चार. मी शेजारी बसून पापड लाटलेत, मला विचारा!"

नरसम्मा तेलुगू बाई, पण आमच्याशी गल्लीतली दखनी बोलायची. ती दुधाचं भांडं आपटून म्हणाली, "पाँच थे! रोज दूध लेते वक्त अम्मा का हात इच देखती थी मैं. नै तो क्या तुम्हारा मूं देखती?"

"साक्षीदारानं अदालतीशी अदबीनं बोलावं," काका म्हणाले. "पाच. नोंद घ्या."

आत्याबाईंना विचारलं तर त्यांनी तिसराच घोळ घातला. "ठिपके चारच. पाचवा दिसायचा तो तीळ. अरे, लग्नाआधी मुलगी बघायला मी गेले होते, तू नव्हतास. तीळ बघूनच होकार दिला मी!"

मग तीळ हा ठिपका धरायचा की नाही, यावर तीन दिवस गेले. राधाक्का म्हणाल्या, तीळ देवानं दिला, तो गोंदणात मोजायचा नाही. नरसम्मा म्हणाली, देव काय सुई घेऊन येतो का, तो ठिपकाच. आत्याबाई म्हणाल्या, मी मेल्यावर तरी माझं ऐका. दूध उतू गेलं, पापड करपले, गल्लीत कोणाचंही काम वेळेवर होईना. फोटो बघून निकाल लावावा, तर काकूंचा फोटो एकच. त्यात काका खुर्चीवर, काकू शेजारी उभ्या आणि दोन्ही हात पदराखाली. माहेरी विचारावं, तर तिथे कोणी उरलं नव्हतं.

शेवटी एल्लम्माच वैतागली. "बाबू, थंडी जा री है. धूप कडक हुआ तो हात पकता. चार लगाऊं के पाँच? जल्दी बोलो, मेरेकू कारवान मोहल्ले जाना है."

काकांनी अंतरिम हुकूम दिला. वृंदावन आणि चार ठिपके, ज्यांबद्दल कोणाचंच दुमत नाही, ते आत्ता काढावेत. पाचव्याची जागा फैसला होईपर्यंत मोकळी ठेवावी.

अशी ती रथसप्तमी उजाडली.

एल्लम्माकडे एका दोऱ्यानं बांधलेल्या चार सुया आणि काजळात पाल्याचा रस खलून केलेला काळा लेप. गोंदताना ती गाणं म्हणते, म्हणजे पोरींचं लक्ष दुखण्यावरून उडतं. तिला गाणं एकच येतं, आठ वर्षांच्या मुलींसाठीचं. त्यात पोरीला सांगायचं असतं, रडू नको, सासू हिरव्या बांगड्या भरेल, नवरा झोपाळा बांधेल. बासष्ट वर्षांच्या काकांनी ते दोन टोचण्या ऐकलं.

"हे गाणं या प्रकरणाला लागू नाही!"

"हात मत हिलाओ बाबू! तुलसी का ताड होता फिर."

तिसऱ्या टोचणीला काकांनी डोळे मिटले. पाचव्या टोचणीला ते जुन्या न्यायाधीशांची नावं क्रमानं म्हणू लागले. दहाव्या टोचणीला नावं संपली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून अगदी हळू विचारलं, "त्या गाण्यात पुढे काय होतं?" एल्लम्मानं पुन्हा सुरुवातीपासून धरलं. बांगड्या भरून झाल्या, झोपाळा बांधून झाला, तेव्हा चौथा ठिपका पुरा झाला होता आणि आमच्या खिडकीच्या फटीतून आमच्या ह्यांचा "शाबास!" ऐकू आला.

खरी गंमत त्यापुढे. एल्लम्मानं जाताना पथ्य सांगितलं, मी ते लिहून घेतलं: रोज गार पाण्यानं धुणे, कोरडे टिपणे, हळद आणि खोबरेल लावणे. साबण नको. ऊन नको. खाजवायचे नाही. खपली काढायची नाही, आपली आपण पडेल. आंबट आणि वांगं बंद. काकांनी त्यावर सही केली आणि कागद देवघराच्या दारावर चिकटवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून आरोळी आली. "सरिश्तेदार! सूज कायम! लाली कायम! ताप नाही! नोंद घ्या!" मी हातातलं पीठ झटकून नोंद घेतली. मग रोजच. "पूर्वेकडची खपली उचलली आहे, पश्चिमेची जैसे थे!" गल्लीतले लोक कामावर निघताना आधी खपलीचं वर्तमान ऐकून निघू लागले.

ऊन नको, म्हणून काका छत्री घेऊन बाहेर पडत, पण छत्री डोक्यावर नाही, डाव्या हातावर. डावा हात तान्हं मूल धरल्यासारखा पुढे, उजव्या हातात त्याच्यावर धरलेली छत्री, आणि टक्कल भर उन्हात तापतंय. ओळखीचे टांगेवाले थांबून विचारायचे, "हज़रत, बच्चा किसका है?"

आंबट बंद हे मात्र त्यांना जड गेलं. आमच्या गावात चिंच वगळली तर ताटात उरतं काय? मी एकदा खट्टी डाळ फोडणीला टाकली, तर अर्ध्या तासात नोटीस: 'आपल्या फोडणीचा वास हद्दीत शिरून अर्जदाराचा निर्धार खचवीत आहे. खिडकी बंद ठेवावी.' आत्याबाईंनी गुपचूप वाटीभर डाळ पुढे केली, तर "लाच!" म्हणून ओरडले, आणि मग वाटीकडे इतका वेळ बघत बसले की आत्याबाईंना रडू आलं.

खाज सुटली तेव्हा त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताला अटक केली. मिसली न्यायची कापडी पिशवी त्या हाताला मनगटापर्यंत घालून वर सुतळी बांधली. दोन दिवस आत्याबाईंनी त्यांना घास भरवले. पडलेल्या खपल्या त्यांनी पुरावा म्हणून पुडीत बांधून, नंबर टाकून कोनाड्यात ठेवल्या. त्या पुडीचं पुढे काय झालं ते विचारू नका. मुंग्यांनी परस्पर निकाल लावला.

तिसऱ्या आठवड्यात हात स्वच्छ झाला. काळं गोंदण आतून हिरवं दिसू लागलं. मी पाहायला गेले तेव्हा काका फोटोसमोर उभे होते, बाही सारलेली.

"बरं वठलंय ना?"

"हुबेहूब," मी म्हटलं.

ते फोटोकडेच बघत होते. "हात पदराखाली घ्यायला मी सांगितलं होतं. फोटोवाल्यानं काळं कापड डोक्यावर घेतलं, आणि मी म्हटलं, हात झाका, पेशकाराची बायको गोंदलेली दिसायला नको." मग म्हणाले, "तिनं लगेच तामील केली. विचारलंसुद्धा नाही, का म्हणून."

मी वहीत काही लिहिलं नाही.

या गोष्टीला दोन हिवाळे झाले. पाचव्या ठिपक्याचा खटला अजून चालू आहे. दर महिन्याच्या शुद्ध सप्तमीला पेशी, म्हणजे सुनावणी, असते. राधाक्का, नरसम्मा, आत्याबाई हजर राहतात. आमचे हे आता खिडकी सोडून ओसरीवर येऊन बसतात. चहाबरोबर चिवडा असतो म्हणून, असं त्यांचं म्हणणं. साक्ष ठिपक्यांपासून सुरू होते आणि भलतीकडेच जाते. काकूंनी माकडाच्या मागे लाटणं घेऊन कशी धाव घेतली. नरसम्माच्या बाळंतपणात तिला रोज डिंकाचा लाडू कसा पोचवला. हसताना त्या तोंडावर पदर धरायच्या आणि तरी हसू चौथ्या घरापर्यंत जायचं. काका डोळे मिटून ऐकतात, उजवा हात डाव्या मनगटावर.

"याचा प्रकरणाशी संबंध नाही," ते मधेच म्हणतात. "पण नोंद घ्या."

मागच्या पेशीला राधाक्का कंटाळून म्हणाल्या, "काका, मी हरले. पाच तर पाच. लावून टाका निकाल!"

काका दचकलेच. "असा कसा लावून टाका? निकाल लागला की मिसल दाखल-दफ्तर होते. कपाटात जाते. मी तीस वर्षं पाहिलंय, राधाबाई. तिथली मिसल पुन्हा कोणी उघडत नाही." आणि घाईघाईनं पुढची तारीख दिली.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी, जुन्या वहीत लोणच्याचं प्रमाण शोधताना मला काकू गेल्या त्या दिवसाची यादी सापडली. पाणी तापवणे. हिरवं लुगडं. बांगड्या. हळद. सगळ्यावर काट मारलेली. आत्याबाई तेव्हा गावी होत्या, राधाक्का तापानं पडलेल्या. काकूंना शेवटची आंघोळ मी घातली. डाव्या हाताला मनगटापासून वर हळद लावली ती मी, आणि त्या हळदीतून वर आलेले ठिपके मी पाहिले. दाराबाहेर काका बसले होते. आत कोण आहे ते त्यांना ठाऊक होतं.

म्हणजे नक्की माहीत असलेली गल्लीत एकच बाई होती, आणि तिच्याच हातात त्यांनी वही दिली. लिहिणाऱ्यानं साक्ष द्यायची नसते.

मी काम अंगावर ठेवणारी बाई नाही. म्हणून त्याच दिवशीच्या यादीत लिहिलं: चिंच निवडणे. गाद्यांना ऊन देणे. चिवडा करून काकांकडे पोचवणे. ठिपके किती ते काकांना सांगणे.

चिंच निवडून झाली. गाद्या वाळल्या. चिवडा पोचला. चौथं काम रोज नव्या यादीत वर घेते.