जेवणार का? हो किंवा नाही

आधीच सांगून ठेवतो, मी यंत्रांना घाबरणारा माणूस नाही! ताश्कंदमध्ये उभी हयात ट्रॉलीबस चालवली. पुढ्यात बटणांची अख्खी पाटी असायची. हे दाबलं की दार उघडतं, ते दाबलं की दिवा लागतो, आणि कोपऱ्यातलं लाल दाबलं की साहेब ओरडतो. त्यामुळे आमची सून शाहलो जेव्हा म्हणाली, "बाबा, निमंत्रणं फोनवरूनच देऊ या," तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "आण इकडे!"

निमंत्रणं होती माझ्या बायकोच्या, ओयदिनच्या, वर्षाच्या पुलावाची. ती जाऊन वर्ष होत आलं होतं. खरं तर हे निमंत्रण घरोघर जाऊन द्यायचं असतं. म्हणजे प्रत्येक दारात तिचं नाव घ्यायचं आणि प्रत्येक दारात उसासे टाकायचे. मला ते झेपणार नव्हतं. मी गुडघ्याचं निमित्त सांगितलं.

पण पुलाव मात्र भरपूर व्हायला हवा होता. त्या बाईनं जन्मभर सगळ्या मोहल्ल्याला खाऊ घातलं. तिच्याच नावाची कढई कमी पडली असती, तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

शाहलोचं कामच ते. फोनच्या स्क्रीनवर काय कुठे असावं, हे ती ठरवते. त्याचा पगारही मिळतो! तिनं मला शिकवायला घेतलं.

"बाबा, हे काय दिसतंय?"

"तीन रेघा."

"त्यांच्या आत मेनू आहे."

"मग दिसत का नाही?"

"लपवलाय. जागा वाचते."

"वा! ट्रॉलीबसचं दार असं लपवलं असतं, तर लोक खिडकीतून चढले असते!"

"पुढे चला. हे राखाडी बटण आत्ता दबणार नाही."

"मग ठेवलं कशाला?"

"नंतर दबेल, हे कळावं म्हणून. आणि हे सरकतं बटण बघा. हे चालू आहे."

"त्यावर तर 'बंद करा' लिहिलंय!"

"दाबल्यावर काय होईल, ते लिहिलंय."

"म्हणजे चालू असताना 'बंद' वाचायचं आणि बंद असताना 'चालू'?"

"बरोब्बर!"

मी चहा प्यायलो. डोक्यातला भोवरा काही थांबेना.

पण निमंत्रण मात्र तिनं अगदी सोपं केलं होतं. तिच्या धंद्याचा नियमच आहे म्हणे : एका स्क्रीनवर एकच प्रश्न, ठसठशीत बटणं, आणि माणसाला उगाच पुन्हा पुन्हा छळायचं नाही. वर लिहिलं होतं, 'शुक्रवारी पहाटे एर्गश यांच्या अंगणात पुलाव. जेवणार का?' एर्गश म्हणजे मी. खाली दोन बटणं. हो. नाही. उत्तरं मोजून आकडा थेट पूलात नावाच्या आचाऱ्याच्या फोनवर जाणार. मध्ये माणूसच नाही, म्हणजे चूक नाही!

निमंत्रणं गेली. माझ्या फोनवर एक वर्तुळ हिरवं हिरवं भरत चाललं. दुसऱ्या दिवशी ते काठोकाठ भरलं आणि अक्षरं आली, 'सर्व उत्तरे मिळाली'. मी चहाच्या दुकानात जाऊन सगळ्यांना ते वर्तुळ दाखवलं. एखाद्या नातवाचा फोटो दाखवावा तसं!

गुरुवारी संध्याकाळी रिवाजाप्रमाणे मोहल्ल्यातले पुरुष गाजरं चिरायला आले. प्रत्येकाच्या हातात आपापली सुरी. अंगण गच्च भरलं. आणि मग पूलात आला. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात भांडं. त्याला कढई म्हणवेना. फार तर तव्याचा थोरला भाऊ!

"पूलात, गाजरं कुठायत?"

"ही काय, पिशवीत."

"हा नमुना झाला. बाकीची?"

"बाकीची कुठली? फोनवर आकडा आला शून्य! म्हटलं, निदान घरच्यांपुरता तरी करू. गेलेल्या बाईचा अपमान नको."

शाहलोनं फोन उघडला आणि तिचा चेहरा त्या राखाडी बटणासारखा झाला.

"बाबा, सगळ्यांनी 'नाही' दाबलंय. एकूण एक."

मी अंगणाकडे बघितलं. अंगण सुरी परजून माझ्याकडे बघत होतं.

"होशिम!" मी शेजाऱ्यावर ओरडलो. "तू 'नाही' दाबलंस?"

"दाबलं की!"

"मग आलास कशाला?"

"आलास कशाला? ओयदिन वहिनींचा पुलाव, आणि मी येणार नाही?"

"मग 'नाही' का दाबलंस, गाढवा?"

"अरे, 'जेवणार का' म्हटल्यावर लगेच 'हो' कोण म्हणतं? मी काय दुष्काळातून आलोय? 'नाही' दाबलं आणि बसलो फोन हातात धरून."

"कशासाठी?"

"तू पुन्हा विचारशील म्हणून! तुझा फोन मुका तो मुकाच. बायको म्हणाली, एर्गश बदलला हो."

"मला तर रडू आलं," न्हावी म्हणाला. "एकदा विचारून सोडून दिलं! इतकं कोण करतं?"

शाहलो चाचरत म्हणाली, "पण काका, नाही म्हणजे नाहीच ना?"

होशिमनं मायेनं विचारलं, "पोरी, तू दहाव्या मजल्यावर वाढलीस का?"

"नवव्या."

"मग तुझा दोष नाही."

"एर्गश-अका, आकडा सांगा!" पूलात घाईला आला. "गाजरवाला दुकान आवरतोय. आणि पक्का सांगा, पुलावात मागाहून तांदूळ घालता येत नाही!"

म्हणजे विचारणं भागच होतं. तोंडानं. मी होशिमपुढे जाऊन उभा राहिलो.

"होशिम, उद्या जेवायला ये."

"नको रे, उगाच तुला त्रास."

"येच."

"घरी आहे की खायला."

आता तिसरी वेळ होती. "ओयदिनसाठी ये," मी म्हणालो. तिचं नाव मी वर्षभरात चारचौघांत घेतलं नव्हतं.

होशिमनं टोपी सारखी केली. "येतो," तो म्हणाला. "धाकट्यालाही आणतो."

मग न्हावी. मग त्याचा मेहुणा. मग मशिदीजवळचे दोघे भाऊ. प्रत्येक जण आधी दोनदा नको म्हणणार! शाहलो बोटांवर मोजत होती, पूलात घड्याळ बघत होता.

"अहो, सरळ तिसऱ्यापासून सुरुवात करा ना!" तो किंचाळला.

"तसं चालत नाही!" अख्खं अंगण त्याच्यावर ओरडलं.

प्रत्येकाला मी तेच सांगितलं, ओयदिनसाठी ये. पहिल्या काहींना सांगताना अडखळत होतो. शेवटच्यांना सांगताना तिच्या गमतीही सांगायला लागलो. गाजरांची गाडी आली तेव्हा लोक हसत होते, मीही हसत होतो. मग सुऱ्या चालल्या! पहाटे थोरली कढई चढली, सगळे जेवले, दुवा मागितली, आणि झारा तळाला लागला तेव्हा दारात वाट बघणारं कुणी उरलं नव्हतं.

शाहलोनं सगळं नव्यानं मांडलं. आता 'नाही' दाबलं की फोन म्हणतो, 'असं कसं? थोडं तरी!' पुन्हा 'नाही' दाबलं की म्हणतो, 'आम्हाला वाईट वाटेल हं!' तिसऱ्यांदा दाबलं की तो स्वतःच 'येणार' लिहून टाकतो. तिच्या साहेबांनी कपाळाला हात लावला. आमचा मोहल्ला मात्र जाम खूश!

परवा होशिमच्या घरून तसंच निमंत्रण आलं. 'जेवणार का?' घरात मी एकटा, मी केलेलं सूप पातेल्याला चिकटलेलं, आणि भूक तर सपाटून लागलेली. कोण बघतंय, म्हटलं, आणि सरळ 'हो' दाबलं.

फोन गरगरला. स्क्रीन पांढरी झाली. मग काळी. मग काहीच नाही.

शाहलो कामावरून आल्यावर मी तो तिच्या हातात दिला.

"बाबा, काय दाबलंत?"

"हो."

"पहिल्याच वेळी?"

मी मान खाली घातली.

तिनं फोन उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाली, "बाबा, असा माणूस असतो, हे मी धरलंच नव्हतं!"