खालच्या आवाजाच्या दांड्या

इनास लोपिसच्या संगणकातल्या खालच्या आवाजाच्या नोटांच्या दांड्यांनी खाली वळायला नकार दिला आणि त्याचं रीतसर कारणही दिलं.

इनास वसईजवळच्या एका गावात चर्चचा ऑर्गन वाजवायचा. गावच्या सणाला पूर्वी एक गाणं दोन आवाजांत म्हटलं जायचं. वरची चाल बेनितामावशी म्हणायची, खालची इनासची आई सिसिल. आई गेल्यावर मावशीनं गायचं सोडलं आणि ते गाणंही मागे पडलं. यंदा इनासनं ते संगणकावर उतरवायला घेतलं. संगीत लिहायच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक स्वराची एक नोट, म्हणजे उभी दांडी असलेलं टिंब, असते. वरच्या आवाजाच्या नोटांच्या दांड्या वर जातात, खालच्या आवाजाच्या खाली. गाणाऱ्याला आपली ओळ त्यावरून कळते. इनासनं दांड्या खाली करायचं बटण दाबलं. त्या वरच राहिल्या.

"आज दांडी मारलीत वाटतं," तो म्हणाला.

"नाही. आम्ही हजर आहोत," दांड्या म्हणाल्या. "पण आम्ही सिसिलबाईंच्या. त्या आल्या की वळू."

"आई वारली."

"आम्हाला तसं कुणी कळवलेलं नाही. मुलाच्या सांगण्यावर आम्ही वळत नसतो. त्यांच्यासोबत गाणारं कुणी असेल तर बोलवा."

इनासनं फादरांना आणून दाखवलं. फादरांनी चष्मा पुसून पडदा नीट पाहिला. "मग एकाच आवाजात म्हणू या," ते म्हणाले. "खालच्या नोटा काढून टाक."

इनासचं बोट बटणापर्यंत गेलं आणि परत आलं. तो उठून मावशीकडे गेला.

मावशी वाडीत केळीची पानं कापत होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं कोयता ठेवला, हात धुतले आणि त्याच्याबरोबर आली. संगणकासमोर बसून तिनं पदर सारखा केला.

"सिसिल गेली," ती दांड्यांना म्हणाली. "मी स्वतः माती दिली तिला. आता तिचं मी म्हणेन."

"तुम्ही तर वरच्या. तुम्हाला येतं?"

"जन्मभर कानाशी होतं."

तिनं हलक्या आवाजात सुरुवात केली. एकेक दांडी खाली वळत गेली. तिसऱ्या ओळीच्या शेवटच्या लांब नोटेची तेवढी वळली नाही. इनास पुन्हा बटणाकडे वळला, तेव्हा मावशी म्हणाली, "असू दे." प्रती तशाच छापल्या.

सणाच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, मावशी खालची ओळ म्हणायला उभी राहिली. वरची म्हणायला कुणी नेमलेलं नव्हतं. ती बाकांवरच्या लोकांनी आपणहून उचलली. चाल सगळ्यांनाच आठवत होती. तिसऱ्या ओळीच्या शेवटी लोक श्वासाला थांबले. मावशीचा एकटीचा आवाज तेवढा वेळ चालू राहिला, मग लोक पुन्हा आले.

मिस्सा सुटल्यावर ती बराच वेळ पायरीवर बसून होती.

"मला वाटायचं, सिसिल त्या लांब नोटेवर उगाच रेंगाळते," ती इनासला म्हणाली. "मला श्वास घेता यावा म्हणून धरून ठेवायची रे ती."

इनास तिच्या शेजारी बसला. पुढच्या वर्षीच्या प्रतींतही ती दांडी वरच राहिली.