रिकाम्या हाताने खिडकीपावेतो

मागे पृथ्वीवर लढाया बहुत जाहल्या, किल्ले पडले, तख्ते फिरली. परंतु आमचे कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर जे रण माजले त्यास जोड नाही. कारण इतकेच, की दुपारी खुर्चीवरून उठून थोडे चालावयाचे होते.

त्याचे जाहले ऐसे. अखंडितखुर्चीअलंकृत थोरले साहेब यांनी कोठे आरोग्याचे व्याख्यान ऐकिले, बसून बसून माणूस खलास होतो ऐसे मनावर घेतले, आणि बसल्या जागेवरून फर्मान सोडिले, की तमाम नोकरलोकांनी दुपारच्या चहानंतर पॅसेजच्या खिडकीपावेतो फेरी करावी, कुचराई करील त्याची गय होणार नाही. खासा स्वारी मात्र केबिनीतच मुक्कामी राहिली.

हे फर्मान हिशेबनीस काकांस देव पावावा तैसे पावले. काकांचे उजवे गुडघ्याने बंड पुकारिले होते, आणि डॉक्टरांनी बजावले होते की रोज सपाटीवर चाला, जिने टाळा, नाहीतर ऑपरेशन अटळ. घरी काकूंनी तर "आता सोफ्यावरून उठवायला क्रेन मागवू का?" ऐसी तोफ नित्य डागणे चालविले होते. सबब काकांनी हिंमत धरिली, आणि मग खुर्ची मागे सारून उभे राहिले.

तोच चहूकडून मारा सुरू जाहला. "काका, उठलाच आहात तर ती फाईल द्या ना." "उठलाच आहात तर पंखा कमी करा जरा." "उठलाच आहात तर प्रिंटरमध्ये कागद अडकलाय, तेवढं बघा." काका फायली वाहता वाहता जेर जाहले, आणि खिडकीचे दर्शनाविना फिरोन खुर्चीत कोसळले. दुसरे दिवशीही तेच. ही दशा पाहोन बाकी मंडळी खुर्चीस चिकटली ती चिकटलीच.

मग आस्थापना विभागाच्या ताई, अकलेने तेज आणि जिभेने त्याहून तेज, यांनी मसलत दिली, की "अहो, सगळेच एकदम उठलो, तर काम सांगायला बसलेलं उरतंय कोण?" मसलत सर्वांस मानवली. दुसरे दिवशी चहा होताच अवघी फौज एकदम उठली, आणि रिकाम्या हाताने पॅसेजावर चालोन गेली, काका आघाडीस. खिडकी हातभर उरली.

तो केबिनीचे दार किलकिले जाहले आणि हुकूम आला, की सगळे उठलेच आहात, तर माझ्याकडचं ते लोखंडी कपाट तेवढं बाहेर काढा.

हुकमापुढे इलाज नाही. फौज माघारी वळली, कपाटास भिडली, आणि "तुमच्या बाजूनं उचला की", "मी उचललंच आहे, तुम्ही नुसता हात लावून चालताय" ऐसा रणघोष करीत ते पॅसेजात आणिले. तेथे ते ऐसे अडकले, की ना पुढे ना मागे. कपाटापलीकडे खिडकी, आणि खिडकीशेजारी संडास. दोन्ही मुलूख हातचे गेले.

तेव्हापासून गरजवंतास जिना चढोन वरचे मजल्यावर जावे लागते आणि उतरोन यावे लागते. साहेबांनी हे पाहोन वरिष्ठांस खलिता धाडिला, की चालण्याची मोहीम फत्ते जाहली, लोक आपखुशीने जिनेसुद्धा चढू लागले. केबिनीस स्वतंत्र संडास आहे, हा मजकूर खलित्यात लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. वरून शाबासकी आली, ती सूचनाफलकावर डकविली, आणि येणेप्रमाणे विजय दफ्तरी दाखल जाहला.

हिशेबनीस काकांनी कचेरीत पाणी पिणे सोडले आहे.