परवानगीवाले सोनटक्के काका

सोनटक्के काका लिफ्टमध्ये शिरण्याआधी आत उभ्या असलेल्या माणसांना विचारतात, "येऊ का?" कुणी मोबाइलमध्ये डोकं घालून उभं असलं आणि उत्तर आलं नाही, तर काका दार बंद होऊ देतात आणि जिना चढून येतात.

रायपूरच्या पंडरी बाजारात कापडाच्या दुकानांच्या वर आमचं छोटंसं ऑफिस आहे. आम्ही मोबाइलची अ‍ॅप्स बनवतो. काका आमच्यात सगळ्यांत वयस्क. आधी सिलतऱ्याच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचे, तिथलं काम सुटल्यावर इकडे आले. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून काकांनी काही केलं की सगळे माझ्याकडे पाहतात. जणू मीच त्यांना घरून आणलंय.

आणि काका रोज काहीतरी करतातच. माझ्या डब्यातलं लोणचं हवं असलं तर "घेऊ का?" एवढ्यावर भागत नाही. मी "घ्या" म्हटलं की पुढचा प्रश्न, "पोळीसंग फक्त, का भातासंगही?" खालच्या दुकानदारानं एकदा कसलासा फॉर्म भरायला त्यांना वायफायचा पासवर्ड दिला. फॉर्म भरून होताच काकांनी तो फोनमधून पुसून टाकला. मी म्हटलं, "काहून पुसला? राहू द्यायचा ना."

"फॉर्मासाठी देल्ला होता ना बाई. जेवढ्यासाठी देल्लं, तेवढ्यासाठीच."

नवा फोन घेतला तेव्हा तो बरेच दिवस वापरात आलाच नाही. 'मला मान्य आहे' हे बटण दाबण्याआधी काका त्याच्यावरचा सगळा मजकूर वाचत होते. "काय मान्य आहे ते तं पाहू दे," म्हणाले.

अशा माणसाच्या हाती आमच्या मालकांनी नकाशाचं काम दिलं.

एका स्कूलबसवाल्यासाठी अ‍ॅप होतं. बस कुठवर आली ते आईबापांना नकाशावर दिसावं, एवढंच काम. विकतचा नकाशा घ्यावा तर जितक्या वेळा लोक उघडतील तितके पैसे लागतात. म्हणून मालकांनी फुकटचा घ्यायला सांगितलं. हौशी लोकांनी गल्लीबोळ फिरून बनवलेला, कुणीही वापरावा असा. त्याची अट एकच, बनवणाऱ्यांचं नाव नकाशाच्या कोपऱ्यात दिसलं पाहिजे. मुंगीएवढ्या अक्षरांची ती ओळ मालकांच्या डोळ्यांत खुपत होती. शेवटी त्यांनी तिच्यावर 'ड्रायव्हरला फोन करा' असं पिवळं बटण ठेवायला लावलं. ओळ होती, पण दिसत नव्हती.

बसवाला अ‍ॅप बघायला आला. मालक भिंतीवरच्या पडद्यावर बस फिरवून दाखवत होते, तो खूश होता. तेवढ्यात काका उभे राहिले.

"बोलू का?"

मालक काही बोलायच्या आत बसवाला म्हणाला, "हव, बोलिए ना."

"भैया, ये नक्शा हमारा नहीं है. माँग के लाए हैं. जिन्होंने दिया, उनका नाम इस पीले बटन के नीचे दबा है."

बसवाल्यानं जरा विचार करून विचारलं, "कल वो वापस माँग लिए, तो मेरी बस कहाँ दिखेगी?"

"नाम दिखने दो, तो नहीं माँगते."

मालकांचे कान लाल झाले. सगळ्यांनी सवयीप्रमाणे माझ्याकडे पाहिलं आणि मी टेबलाखाली उगाच चार्जर शोधू लागले. माझ्या लाजेची गंमत अशी, की काका खरं बोलताहेत हे मला कळत होतं आणि तरी त्यांचीच लाज वाटत होती.

बसवाल्यानं काम आम्हालाच दिलं. बटण वर सरकवा, म्हणाला. पण मालक विसरले नाहीत. मला बोलावून म्हणाले, "सोनटक्केजी को बोल दो, आगे से क्लाइंट के सामने न आएँ. आप मराठी हो, आप ही बता दो."

रविवारी दुपारी मी बूढ़ापाऱ्यात काकांच्या घरी गेले. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, काका एकटेच असतात. जेवणाचं ताट अजून झाकूनच होतं. स्वतःच्या घरात त्यांनी मला विचारलं, "पंखा लावू का?" मी मान खाली घालून निरोप सांगितला.

"हव. मालकाचं ऑफिस आहे," ते म्हणाले. मग, "एक काम सांगू का?" त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. नकाशावर नागपूरच्या जागी एक निळा ठिपका होता.

"हे बंद करून दे. माझ्यानं होऊन नाही राहिलं."

ठिपका मीनूचा होता, त्यांच्या नागपूरला सासरी असलेल्या मुलीचा. दिवाळीला ती नागपूरहून एकटी येत होती. गाडी कुठवर आली ते पप्पांना दिसावं म्हणून तिनं तो चालू करून दिला आणि बंद करायचं राहून गेलं.

"मी कधी उघडून पाहिलं नाही. गाडीपुरतंच होतं ते. मागच्या आठवड्यात लय आठवण आली, उघडलं. तं ती पंडरीत होती."

"आपल्या पंडरीत?"

"आपल्या ऑफिसच्या खाली. कापडाच्या दुकानात."

त्या दिवशी काका अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन गेले होते, ते मला आठवलं.

"वाटलं, खरेदी झाली का घरी येईल. घर झाडलं, दूध आणलं. पण ठिपका सीधा टेशनावर गेला. गोंदियापर्यंत पाहत होतो. चोरासारखं पाहिलं बाई. आता तिले विचारू कसं?"

मी ठिपका बंद केला नाही. "आधी तिला फोन लावा," म्हटलं.

काकांना आता ऐकू कमी येतं, म्हणून त्यांनी स्पीकर लावला. मीनूला मराठी समजतं, पण उत्तर ती हिंदीतच देते.

"माय, तुझं लोकेशन माझ्याकडं चालूच राहून गेलं होतं. तुले न विचारता मी पाहिलं. तू रायपूरले आली होती."

मीनू घाईघाईनं म्हणाली, "पापा, ननद की शादी की खरीदी थी, सब साथ में थे, टाइम ही नहीं..." ती थांबली. "नहीं पापा. टाइम था."

काकांनी चष्मा काढला. "टाइम तं मलेही होता, माय. मी वरच बसलो होतो. खाली नाही आलो."

मला उठून जावंसं वाटत होतं, पण हलायचीही चोरी झाली होती. मग मीनूनं विचारलं, "पापा, खाना खाया?"

काका चष्म्याच्या काचा पुसत राहिले. ती दुसऱ्यांदा म्हणाली, "पापा?"

शेवटी मीच फोनजवळ वाकून सांगितलं, "नाही जेवले अजून."