धोंडू आगवाल्याचा हंबरगर

धोंडू आगवाला खाताना डोळे मिटायचा. देवापुढे मिटत नसे, पण हसनमियांच्या हॉटेलात बशी पुढे आली की मिटलेच. मी समोरच्या बाकड्यावर उघड्या डोळ्यांनी बसलेला. माझं पित्त खवळायचं.

त्या काळी मुंबईची आगबोट आमच्या रत्नागिरीला खोल पाण्यातच उभी राहायची. माल पडावातून धक्क्याला यायचा आणि तिथून मी तो बैलगाडीने गावात पोचवायचो. मी शिकलो दुसऱ्या बुकापर्यंत. पण गाडी हाकायला बुक लागत नाही, आणि माणूस ओळखायलाही लागत नाही.

धोंडू आमच्या जवळच्या मिरजोळे गावचाच. परदेशी बोटींवर बॉयलरात कोळसा ओतून ओतून म्हातारा झाला आणि परत आला. बायको तो दर्यावर असतानाच गेली होती, मूलबाळ नव्हतं. येताना त्याने आणलं काय, तर एक फुटकी ट्रंक, एक खोकला आणि अमेरिकेच्या बंदरात खाल्लेला एक पदार्थ. तो त्याला हंबरगर म्हणायचा. चुलीपाशी बसून त्याने हसनमियांना तो शिकवला. मटणाचा खिमा कुटून त्याची जाड चकती तव्यावर भाजायची, गोल पाव मधोमध कापून त्यात घालायची आणि गरम आहे तोवर वर चीजचा काप ठेवायचा. चीज म्हणजे डब्यातला पिवळा गोळा. पहिला डबा आला तेव्हा हसनमियांच्या बायकोने साबण समजून तो गोळा सदऱ्याला घासला आणि फेस येत नाही म्हणून मुंबईवाल्यांना शिव्या घातल्या.

डबा धोंडूचा. त्याचा जुना सोबती मुंबईच्या बोटीवर होता, तो आणून द्यायचा. त्यामुळे हंबरगर एकट्या धोंडूला. मी रोख पैसे देतो म्हटलं तरी हसनमिया हात जोडायचे. "शिवरामभाऊ, डबा त्याचा. तो म्हणेल तर देतो."

आता तो का म्हणेल? आमच्याकडे दारावरून जाणाऱ्यालाही ‘या जेवायला’ म्हणतात, तो बसणार नाही हे ठाऊक असलं तरी. धोंडूने मला कधी तोंडदेखलंही म्हटलं नाही. मीही एकदा सगळ्या हॉटेलासमोर बोलून गेलो, की ह्याच्याकडे जन्मात मागणार नाही. मग मागायची सोय उरली नाही.

तव्यावर चकती पडली की वास थेट धक्क्यापर्यंत जायचा. पाव दाबला की चीज कडेने ओघळायचं, ते तो बोटाने निपटून चाटायचा. मध्ये कोणी बोललं की म्हणायचा, "आस्ते." बोटीवर इंजिन हळू करायचा तो शब्द. हा हसनमियांना आस्ते म्हणे, माशीला म्हणे, माझ्या बैलालाही म्हणे. आणि जो बैल माझ्या चाबकाला दाद देत नव्हता तो ह्याच्या आस्तेला थांबायचा.

मग मी उठून का गेलो नाही? का जाऊ? त्या बाकड्यावर मी आधीपासून चहा पीत होतो, हा मागून आलेला.

पावसाळ्यात आगबोट बंद, म्हणजे डबाही बंद. तेव्हा धोंडू माझ्यासारखाच नुसता चहा प्यायचा. माझ्या जिवाला गार वाटायचं.

एका वैशाखात शेवटची बोट येऊन गेली. धोंडूचे गाल पार आत गेले होते. बशी आली, पण त्याने डोळे मिटले नाहीत. बशी माझ्याकडे सरकवली.

"खा."

"मी मागितलेलं नाही."

"ठाऊक हाय. माझे दात गेले. खा तू."

मी म्हटलं, दात होते तेव्हा का नाही दिलास?

तो पावाकडे बघत म्हणाला, "घरी जेवायला बसलं की समोर भिंत. इथं तू असायचास, टक लावून. तुला दिला असता तर खाऊन उठला असतास रे. दुसऱ्या दिवशी कशाला बसला असतास?"

हसनमिया आमच्याकडे पाठ करून तवा खरवडायला लागले. तवा स्वच्छ होता.

मी पाव उचलला. पहिला घास घेतला आणि माझेच डोळे मिटले. इतकी वर्षं केलेला हेवा फुकट गेला नाही, एवढंच सांगतो. डोळे उघडले तर धोंडू हनुवटीला हात लावून माझं तोंड बघत होता. मी जेवताना आई बघायची तसा.

बाहेर भरलेली गाडी खोळंबली होती, बैल मान झटकत होता. मी घाईने दुसरा घास मोठा घेतला.

"आस्ते," धोंडू म्हणाला.

मी पाव बशीत ठेवला, चहा मागवला आणि मग लहान लहान घास घेत बसलो.